पेंढ्याच्या उडव्या पेटवून गाव वाचवणारा सोया सॉसचा व्यापारी : हामागुची गोर्यो यांच्या गोष्टीतून समजून घ्या त्सुनामी आणि साध्या लाटेतला फरक

दरवर्षी ५ नोव्हेंबरला जगभरात ‘जागतिक त्सुनामी जागृती दिन’ पाळला जातो. तुम्हाला वाटेल, या तारखेला कुठेतरी फार मोठी त्सुनामी आली असणार. पण आपल्या कॅलेंडरप्रमाणे पाहिलं तर ही तारीख चक्क चुकीची आहे! ज्या घटनेची आठवण म्हणून हा दिवस ठरवला गेला, ती घडली २४ डिसेंबर १८५४ रोजी, जपानमधल्या एका छोट्या किनारी गावात. त्या दिवशी तिथे एक ३४ वर्षांचा व्यापारी होता. त्याने पेंढ्याच्या उडव्या पेटवल्या आणि गावातल्या बहुतेक माणसांचा जीव वाचवला.

त्या व्यापाऱ्याचं नाव हामागुची गोर्यो. जपानमध्ये त्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकात होती. जगभर ती आजही सांगितली जाते. पण गंमत अशी की जी गोष्ट जगाला माहीत आहे, ती बरीचशी रचलेली आहे. खरी गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या जास्त उपयोगाची आहे. कारण त्सुनामी ही पावसाळ्यातल्या उधाणासारखी किंवा वादळातल्या लाटेसारखी का नसते, हे त्या खऱ्या गोष्टीतून नीट समजतं.

चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

सोया सॉसवाल्या घराण्यातला मुलगा

गोर्यो यांचा जन्म १८२० सालचा. गाव हिरो. जपानच्या की प्रांतात, म्हणजे आजच्या वाकायामा प्रांतात, समुद्राच्या अगदी काठावर हे गाव वसलेलं. आज ते हिरोगावा नगरात येतं.

हामागुची घराण्याचा धंदा सोया सॉस बनवण्याचा. १६४५ मध्ये सुरू झालेला हा कारखाना गावापासून खूप दूर, आजच्या टोकियोच्याही पलीकडे चोशी नावाच्या बंदरात होता. ‘यामासा’ या नावाने तो आजही चालू आहे. गोर्यो जन्मले घराण्याच्या धाकट्या शाखेत. पण थोरल्या शाखेला वारस हवा होता, म्हणून १२ वर्षांचे असताना ते तिकडे दत्तक गेले आणि चोशीला जाऊन धंदा शिकू लागले. १८५३ मध्ये घराण्याचा कारभार त्यांच्या हातात आला.

पण नुसता धंदा करून गप्प बसणारा हा माणूस नव्हता. साकुमा शोझान या त्या काळच्या मोठ्या विद्वानाकडे ते शिकले. परदेशी जहाजं जपानच्या दारात येऊन उभी राहण्याचा तो काळ. देश बदलणार हे त्यांना दिसत होतं. १८५२ मध्ये त्यांनी आपल्या गावात तरुणांसाठी शाळा काढली. पुढे तिला ‘ताइक्यू’ म्हणजे टिकून राहणं, सोसणं अशा अर्थाचं नाव मिळालं. त्याच परंपरेतल्या शाळा तिथे आजही भरतात. हे शाळेचं लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी ती पुन्हा येणार आहे.

आदल्या दिवशीचा ‘खोटा’ इशारा

१८५४ च्या डिसेंबरमध्ये गोर्यो गावी आलेले होते. २३ डिसेंबरला सकाळी जमीन हलली. हा भूकंप हिरोपासून दूर, पूर्वेकडच्या समुद्रात झाला होता. गावात फार पडझड झाली नाही. पण समुद्राचं वागणं विचित्र होतं. पाणी नेहमीसारखं येत-जात नव्हतं.

गोर्यो यांनी गावकऱ्यांना उंचावरच्या हाचिमान देवळाच्या आवारात नेलं. रात्र तिथे काढली. काहीच झालं नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत दिसला आणि लोक आपापल्या घरी परतले.

आता विचार करा. असा एक इशारा फुकट गेला की पुढच्या इशाऱ्याला आपण किती किंमत देतो? ‘काल पण असंच म्हणत होते’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी किती पटकन येतं!

२४ तारखेला दुपारी काही गावकरी गोर्यो यांच्याकडे आले. विहिरींचं पाणी एकाएकी खाली गेलंय, असं ते सांगत होते. आणि मग दुपारी चारच्या सुमारास दुसरा भूकंप झाला. हा थेट त्यांच्या किनाऱ्यासमोरचा होता आणि कालच्यापेक्षा फार जोरात जाणवला. कौलं पडली, भिंती कोसळल्या, धुळीचे लोट उठले. दोन्ही भूकंपांची तीव्रता आज सुमारे ८.४ मानली जाते. अवघ्या ३० ते ३२ तासांत असे दोन भूकंप!

पण मुळात त्सुनामी येते कशी?

इथे थोडं थांबूया, कारण पुढे जे घडलं ते कळायला हे माहीत असायला हवं.

आपण किनाऱ्यावर उभं राहून ज्या लाटा पाहतो, त्या वाऱ्यामुळे तयार होतात. वारा पाण्याच्या पृष्ठभागाला ढकलतो आणि लाटा उठतात. या लाटेच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचं अंतर काही मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत असतं. एक लाट आली की दुसरी साधारण ५ ते २० सेकंदांत येते. महत्त्वाचं म्हणजे, या लाटेत फक्त वरवरचं पाणी हलतं. समजा लाटेची लांबी १०० मीटर आहे, तर साधारण ५० मीटर खाली गेलात की पाणी जवळपास शांत असतं. पाणबुडी वादळात खाली बुडी मारून निर्धास्त राहते ती याचमुळे.

त्सुनामीचं तसं नसतं. जपानच्या त्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाखाली पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकतो. घर्षणामुळे ते एकमेकांत अडकून राहतात. शंभर-दीडशे वर्षं ताण साठत जातो आणि एक दिवस अडकलेला भाग सुटतो. शेकडो किलोमीटर लांबीचा समुद्रतळ काही क्षणांत वर उचलला जातो किंवा खाली बसतो. त्याच्यावर असलेलं सगळं पाणी, अगदी तळापासून पृष्ठभागापर्यंत, त्याच्यासोबत उचललं जातं. हे वर आलेलं पाणी मग चहूकडे पसरू लागतं. तीच त्सुनामी.

म्हणजे वाऱ्याची लाट ही पाण्याच्या अंगावरची सुरकुती आहे असं समजा. त्सुनामीत समुद्राचं अख्खं अंगच सरकतं.

यातून तीन गोष्टी होतात.

पहिली म्हणजे वेग. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोल समुद्रात तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास असतो, जवळजवळ प्रवासी विमानाइतका. खोली १० मीटर उरली की तो ताशी ३६ किलोमीटरवर येतो. हाही माणसाला धावून हरवता येण्यासारखा नाही. पुढचं पाणी मंदावतं, मागचं अजून वेगात येत असतं, त्यामुळे पाणी एकावर एक चढतं आणि लाट उंच होते.

दुसरी म्हणजे लांबी. दोन शिखरांमध्ये शंभर, दोनशे किंवा त्याहूनही जास्त किलोमीटरचं अंतर असू शकतं. मग एक लाट आल्यावर दुसरी यायला १० मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. साधी लाट आपटते आणि काही सेकंदांत मागे जाते. त्सुनामीचं पाणी आत येऊ लागलं की कित्येक मिनिटं येतच राहतं. तीन मीटरची वाऱ्याची लाट तुम्हाला भिजवून परत जाते. तीन मीटरची त्सुनामी गावात शिरते, घरं उचलते आणि परत जाताना ती समुद्रात ओढून नेते.

तिसरी गोष्ट म्हणजे खोल समुद्रात ती दिसतच नाही. तिथे तिची उंची बहुतेक वेळा एक मीटरपेक्षाही कमी असते आणि ती शेकडो किलोमीटरवर पसरलेली असते. मासेमारीच्या होडीला काही जाणवत नाही. म्हणूनच जपानी भाषेत तिचं नाव आहे ‘त्सु-नामी’. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. समुद्रात काहीच नव्हतं आणि बंदरात आलो तर बंदरच उरलं नाही, असा अनुभव घेतलेल्या माणसांचा हा शब्द आहे.

अंधार, वाहून जाणारी माणसं आणि पेटलेल्या उडव्या

आता पुन्हा हिरो गावात जाऊया.

भूकंपानंतर गोर्यो माणसांना उंचावर पाठवत फिरत होते. तेवढ्यात पाणी आलं. समुद्र नदीच्या मुखातून आत घुसला आणि घरांवर चढला. खुद्द गोर्यो त्या पाण्यात सापडले. वाहत, धडपडत कसेबसे ते एका उंच जागी पोचले. मागे वळून पाहिलं तर घरांचे वासे, सामान आणि माणसं पाण्यात एकत्र वाहत होती.

पाणी थोडं ओसरलं तेव्हा दिवस मावळला होता. डिसेंबरातली संध्याकाळ, त्यात वीज वगैरे काही नाही. जे वाचले ते आपली माणसं शोधत अंधारात फिरत होते. काही जण अजून पाण्यात होते. उंच जागा कुठल्या दिशेला आहे हेच कळत नव्हतं. गोर्यो दहा-बारा जणांना घेऊन मशाली पेटवून खाली उतरले. पण पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांनी रस्ते अडले होते. पुढे जाता येईना.

भाताची कापणी होऊन गेलेली होती. शेतात जागोजागी पेंढा रचून ठेवलेला होता. आपल्या कोकणात त्याला उडवी म्हणतात, जपानीत ‘इनामुरा’. गोर्यो यांनी वाटेच्या कडेच्या दहाहून जास्त उडव्या पेटवायला लावल्या. अंधारात त्या जळणाऱ्या उडव्यांची रांग म्हणजे देवळाकडे जाणारा रस्ता झाला. ती आग पाहत, तिच्या दिशेने चालत कित्येक माणसं वर पोचली.

थोड्याच वेळात पुढची लाट आली. ती त्या दिवसातली सर्वांत मोठी लाट होती. पेटलेल्या उडव्याही तिने वाहून नेल्या.

इथेच साध्या लाटेतला आणि त्सुनामीतला फरक जीवन-मरणाचा ठरतो. गोर्यो यांना वेळ मिळाला तो दोन लाटांमधला. पहिलं पाणी ओसरलं म्हणजे संकट संपलं, असं समजून लोक घराकडे थांबले असते तर पुढच्या लाटेत संपले असते. त्सुनामी ही एक लाट नसते, लाटांची मालिका असते. तिच्यातली पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही. दुसरी, तिसरी, चौथी कुठलीही जास्त मोठी असू शकते. आणि मधल्या वेळात समुद्र अगदी साधा दिसू शकतो.

त्या रात्री गावातल्या शंभराहून जास्त घरांचा पत्ता उरला नाही. पण सुमारे १,३०० माणसांच्या गावात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक जिवंत राहिले. सगळे मात्र वाचले नाहीत, हेही खरं.

आग विझल्यावर काय?

बहुतेक गोष्टी इथे संपतात. गोर्यो यांचं काम इथून सुरू झालं.

त्याच रात्री त्यांनी देवळातून आणि शेजारच्या गावातून तांदूळ उसना मिळवला. शेजारच्या गावातला तांदूळ सरकारी साऱ्याचा होता. तो देणाऱ्यालाही धोका होता आणि घेणाऱ्यालाही. पण शेकडो माणसं उपाशी होती. पुढच्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या पैशातून घरं बांधून दिली, शेतकऱ्यांना अवजारं आणि कोळ्यांना होड्या-जाळी मिळवून दिली.

तरीही लोक गाव सोडायला निघाले होते. १७०७ मध्येही हे गाव त्सुनामीने उद्ध्वस्त केलं होतं. आता पुन्हा तेच. इथे राहून करायचं काय?

गोर्यो यांनी उत्तर म्हणून बांध घालायला घेतला. गावासमोर जुनी दगडी भिंत होतीच. काही शतकांपूर्वी लाटांपासून बचावासाठी ती बांधलेली होती. वादळी लाटांसाठी ती ठीक होती, पण त्सुनामीपुढे टिकली नाही. गोर्यो यांनी त्या भिंतीच्या मागे मातीचा प्रचंड बांध उभा केला. लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर आणि पायाशी रुंदी तब्बल २० मीटर!

पायाशी एवढी रुंदी कशाला? वादळी लाट भिंतीवर आपटते, फुटते आणि मागे जाते. तिला दगड पुरतात. मुंबईत मरीन ड्राइव्हला समुद्रात टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे हेच काम करतात, लाटेचा मार तोडतात. त्सुनामी आपटून थांबत नाही, ती मिनिटामागून मिनिटं रेटत राहते. तिला अडवायला वजन लागतं, रुंदी लागते. हे गणित गोर्यो यांनी सूत्रं मांडून केलं नव्हतं, पण ज्याने ते पाणी अंगावर घेतलं त्याला ते कळलं असणार.

बांधाचं काम १८५५ ते १८५८ असं जवळपास चार वर्षं चाललं. खर्च गोर्यो यांचा. सगळं मिळून ५६,७३६ माणसांची रोजंदारी भरली. काम करणारे त्याच गावचे, बायका-मुलंसुद्धा. रोजची मजुरी रोज हातात पडायची. म्हणजे बांध भविष्यासाठी होता, पण पोट त्याच दिवशी भरत होतं. लोक गावात टिकले ते यामुळे. बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला पाइनची झाडं लावली, गावाकडच्या बाजूला ज्यांच्या फळांपासून मेण निघतं अशी झाडं.

गावकऱ्यांनी गोर्यो यांचं देऊळ बांधायचं ठरवलं. त्यांनी ते साफ नाकारलं. मला देव व्हायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती.

गावाबाहेरचे गोर्यो

१८५८ मध्ये जपानमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. गोर्यो यांनी चोशीतले डॉक्टर सेकी कान्साई यांना एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, उपचार शिकायला पाठवलं. एदोतलं देवीची लस देणारं केंद्र त्याच वर्षी आगीत जळालं, तेव्हा ते पुन्हा उभारायला ३०० र्‍यो दिले. र्‍यो हे त्या वेळचं सोन्याचं नाणं. हेच केंद्र पुढे वाढत जाऊन टोकियो विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाचं मूळ ठरलं.

पुढे ते आपल्या संस्थानाच्या खजिन्याचे प्रमुख अधिकारी झाले. सामुराई नसलेल्या व्यापाऱ्याला हे पद मिळणं त्या काळात नवलाईचं होतं. १८७१ मध्ये नव्या सरकारात टपाल आणि दळणवळण खात्याची जबाबदारी थोड्या काळासाठी त्यांच्याकडे आली. वाकायामाच्या प्रांतिक सभेचे ते पहिले अध्यक्षही झाले.

जग पाहायचं त्यांचं जुनं स्वप्न होतं. १८८४ मध्ये, साठी उलटल्यावर, ते प्रवासाला निघाले. हा प्रवास पूर्ण झाला नाही. १८८५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

मग खोटी गोष्ट कुठून आली?

१५ जून १८९६. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, सानरिकूमध्ये, संध्याकाळी एक भूकंप झाला. तो इतका हळू होता की कुणी फारसं लक्ष दिलं नाही. अर्ध्या तासाने त्सुनामी आली आणि सुमारे २२,००० माणसं गेली. काही ठिकाणी पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढलं.

त्या वेळी जपानमध्ये राहणारे लेखक लाफ्काडिओ हर्न यांनी या बातम्या वाचल्या आणि ऐकलेली गोर्यो यांची हकीकत घेऊन एक कथा लिहिली. १८९७ मध्ये ती पुस्तकात आली. कथेतले नायक ‘हामागुची गोहेई’ म्हातारे आहेत. ते डोंगरावर राहतात. हळू, लांबलेला भूकंप होतो, समुद्र मागे जातो. खाली गावकऱ्यांना पत्ता नाही. गोहेई वर्षभराचं पीक पेटवतात, आग विझवायला अख्खं गाव धावत वर येतं आणि सगळे वाचतात.

पुढे नाकाई त्सुनेझो या शिक्षकाने ही कथा मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिली. हे शिक्षक हिरोच्या शेजारच्या युआसा गावचे आणि गोर्यो यांनी सुरू केलेल्या त्या शाळेच्याच परंपरेत शिकलेले! १९३७ पासून दहा वर्षं ती जपानच्या सरकारी पाठ्यपुस्तकात होती.

हर्न यांची कथा किती दूर पोचली याचा एक प्रसंग सांगतात. १९०३ मध्ये गोर्यो यांचे चिरंजीव लंडनमध्ये एका सभेत बोलत होते. श्रोत्यांतल्या एका बाईंनी विचारलं की कथेतल्या त्या हामागुचींशी तुमचं काही नातं आहे का. त्यांना गहिवरून आलं आणि काही वेळ बोलताच आलं नाही.

कथा सुंदर आहे आणि तिने मुलांना एक पक्की गोष्ट शिकवली: समुद्र अचानक मागे गेला तर उंचावर पळा. पण खऱ्या घटनेत आणखी तीन धडे आहेत जे कथेत नाहीत. जोराच्या भूकंपानंतर समुद्र मागे जाण्याची वाट पाहू नका, कारण कधीकधी तो मागे जातच नाही, थेट पुढे येतो. पहिली लाट गेल्यावर खाली उतरू नका. आणि काल काही झालं नाही म्हणून आज होणार नाही, असं समजू नका.

मग बाकीच्या मोठ्या लाटांचं काय?

सोशल मीडियावर कुठलीही मोठी लाट ‘त्सुनामी’ म्हणून फिरते. म्हणून हे थोडक्यात पाहून घ्या.

भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे होते. तिचं वेळापत्रक कित्येक महिने आधी छापता येतं. पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरहून मोठी भरती येणार अशी बातमी येते, ती या वेळापत्रकातून. त्सुनामीचा चंद्राशी काही संबंध नाही.

चक्रीवादळात कमी दाब आणि जोराचा वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. याला वादळी उधाण म्हणतात. तेही त्सुनामीसारखं आत शिरतं आणि तितकंच जीवघेणं असतं. १९५९ मध्ये जपानच्या इसे उपसागरातल्या अशा वादळात ५,००० हून अधिक माणसं गेली. फरक असा की वादळ दोन-तीन दिवस आधी दिसतं. जवळच्या भूकंपाची त्सुनामी काही मिनिटांत दारात असते, आणि वर आकाश अगदी निरभ्र असू शकतं.

राक्षसी लाट म्हणजे भर समुद्रात अचानक उठणारी, आसपासच्या मोठ्या लाटांच्या दुपटीहून उंच लाट. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या एका तेल-वायू फलाटावर अशी २५.६ मीटरची लाट मोजली गेली. पण ती वाऱ्याचीच लाट. उठते आणि काही सेकंदांत विरून जाते. जहाजाला ती बुडवू शकते, गाव बुडवू शकत नाही. त्सुनामीचं बरोबर उलट आहे, ती जहाजाखालून निघून जाते आणि गाव बुडवते.

आणि हे फक्त जपानचं दुखणं आहे असं समजू नका. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर मोठा भूकंप झाला होता. त्याची त्सुनामी अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत पोचली होती आणि इथेही माणसं वाहून गेली होती.

बांधाची परीक्षा

गोर्यो गेल्यानंतर ६१ वर्षांनी ती वेळ आलीच. २१ डिसेंबर १९४६, पहाटे चार वाजून गेले होते. त्याच समुद्रतळात पुन्हा मोठा भूकंप झाला. अर्ध्या तासाने चार-पाच मीटरचं पाणी हिरो गावावर चालून आलं.

बांध टिकला. त्याच्या मागे असलेलं गाव बहुतांश वाचलं. जिथे बांध पोचत नव्हता, त्या भागात मात्र पाणी शिरलं आणि माणसंही गेली. ज्या मुलांसाठी हा बांध होता त्यांपैकी बहुतेक जण तो बांधला तेव्हा जन्मलेही नव्हते.

आता सुरुवातीच्या त्या ‘चुकीच्या’ तारखेकडे येऊ. १८५४ मध्ये जपानमध्ये चांद्र पंचांग चालायचं. त्या पंचांगाप्रमाणे तो दिवस होता अकराव्या महिन्याची पाच तारीख. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा दिवस ठरवला तो यावरून.

हिरोगावाच्या लोकांना मात्र त्याची वाट पाहावी लागली नाही. १९०३ पासून तिथे दर नोव्हेंबरला त्सुनामीचा उत्सव होतो. त्या दिवशी शाळेतली मुलं मूठ-मूठ माती घेऊन येतात आणि त्या बांधावर टाकतात. पावसाने, वाऱ्याने वर्षभरात जी थोडी माती झिजली असेल, तेवढी पुन्हा भरून निघते.